दहा प्रश्न आणि पाच ओळी

बालसाहित्यिकाची मुलाखत वर्गात दाखवून झाली की मुलांकडून जो कागद लिहून घेतला जातो, तो बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतो. कोपऱ्यात तारीख आणि हजेरी क्रमांक, मग लेखिकेचं नाव, मग मुलाखत फार आवडली, लेखिकेने सोप्या भाषेत छान माहिती दिली, आम्हीही रोज वाचन करू. पाच ओळी भरल्या की कागद गोळा. असा गठ्ठा चाळताना अक्षरावरून मूल ओळखता येईल, मजकुरावरून नाही. एखाद्या कागदावर शेवटी, समास ओलांडून, ‘गोष्टीतला कुत्रा खरा होता का?’ असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा वाचणारा थांबतो. बाकीच्या ओळी बाईंसाठी लिहिल्या होत्या, हा प्रश्न लेखिकेसाठी आहे. मुलांचे प्रतिसाद कोरडे निघतात याचं कारण मला इथेच दिसतं. त्या कागदाला उत्तर येणार नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

मुलांच्या अशा लिहिण्याचा सगळ्यात बारकाईने विचार केला तो अमेरिकन लेखिका बेव्हर्ली क्लिअरी यांनी. त्यांना शाळकरी मुलांची ढिगांनी पत्रं येत, त्यांतली कितीतरी गृहपाठ म्हणून लिहिलेली. १९८३मध्ये त्यांनी ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ ही कादंबरी लिहिली. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. तिच्यातला ली बॉट्स हा मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी आवडत्या लेखकाला दहा प्रश्न पाठवतो. किती पुस्तकं लिहिली, नाव खरं आहे का, कल्पना कुठून सुचतात, आवडता प्राणी कोणता. उत्तर ठरावीक दिवसाच्या आत हवं, अशी तंबीही देतो. लेखक उशिरा आणि थट्टेने उत्तरं देतो, पण सोबत स्वतःचे दहा प्रश्न लीला धाडतो. तू कोण आहेस, घरी कोण कोण आहे, तुला कशाचा त्रास होतो. या त्रासाच्या प्रश्नापाशी ली खरं काही लिहितो: शाळेत त्याच्या डब्याच्या पिशवीतलं चांगलंचुंगलं कुणीतरी चोरतं. हळूहळू ट्रकवर असणारे, फोन करतो म्हणून न करणारे वडीलही त्या लिहिण्यात येतात. त्याच्याच दहा प्रश्नांना लेखकाने नुसती नीट उत्तरं दिली असती, तर लीचा प्रकल्प वेळेत झाला असता आणि तो पुन्हा कागदाला हात लावता ना.

यावर शिक्षक म्हणतील की सक्ती केली नाही तर मुलं लिहीतच नाहीत. हे अगदी खरं आहे आणि क्लिअरींनाही ते ठाऊक होतं. लीला लेखकाचे प्रश्न सोडवायला त्याच्या आईने बसवलं, तेही त्याची चिडचिड सहन करून. म्हणून लिहायला लावण्यावर माझा राग नाही. लिहून घेतलं आणि कपाटात ठेवलं, यावर आहे. मुलांचं बोलणं मनावर घेतलं तर काय होतं याचा दाखला क्लिअरींच्याच आयुष्यात आहे. याकिमा गावच्या वाचनालयात त्या मुलांच्या ग्रंथपाल होत्या. पुस्तकांशी फारसं सख्य नसलेली काही मुलं तिथे आली आणि आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत, असं विचारू लागली. देण्याजोगं फार काही नव्हतं. तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. १९५०मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक ‘हेन्री हगिन्स’ आलं ते अशाच साध्या मुलाचं. लीची गोष्टही, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन मुलांनी घटस्फोटित आईवडिलांच्या मुलाबद्दल लिहा म्हणून पत्रं पाठवली, तिथून सुरू झाली.

दुसरा आक्षेप असा की मुलांचे प्रश्न वरवरचे असतात: वय काय, पैसे किती मिळतात. मला ते वरवरचे वाटत नाहीत. पुस्तक आकाशातून पडत नाही, ते एक माणूस घरात बसून तयार करतो आणि त्यावर त्याचं पोट असतं, हे मुलाला कळू लागल्याची ती खूण आहे. आपल्याकडे माधुरी पुरंदरे मुलांसाठी लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. आधी चित्र की आधी वाक्य, हे एखाद्या तिसरीतल्या मुलीने विचारलं तर तो समीक्षेचाच प्रश्न आहे. ‘प्रेरणा कुठून मिळाली’ हा मोठ्यांनी पढवलेला प्रश्न त्यापुढे फिका पडतो. बारावीच्या ‘युवकभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकात मुलाखतीची तयारी कशी करावी हे शिकवतात, ते चांगलंच आहे, पण तोवर साच्यातल्या पाच ओळींची सवय अंगात भिनलेली असते.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. शिक्षकांवर परीक्षा, नोंदी, माहिती भरण्याची कामं लादलेली असतात. पण कागदाखाली लाल शेऱ्याऐवजी एकच प्रश्न लिहायला फार वेळ लागत नाही: कुत्रा खरा असता तर तुला काय वाटलं असतं? लेखिकेचं कुठलं उत्तर पटलं नाही? साठ मुलांच्या वर्गात आठवड्याला दहा कागद घेतले, तरी दीड महिन्यात प्रत्येकाच्या हाती एक प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मुलाने लिहायचं ते मात्र बिनगुणांचं, आणि बाईंनी ते वाचायचं.