काव्य, रसायन आणि भांडवल

काव्य आणि रासायनिक कारखाना हे दोन विषय एकाच व्यासपीठावर आणले, तर आपणांस प्रथम थोडे हसूच येईल. कवीला गंधकाम्लाचा वास सोसत नाही आणि कारखानदाराला यमकांसाठी सवड नसते, अशी आपली समजूत आहे. तथापि या दोघांना शेजारी बसवले म्हणजे भांडवल नावाच्या तिसऱ्या गृहस्थाचा स्वभाव चांगला उघड होतो. भांडवल प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: तू वाढशील काय? आज शेरभर आहेस, उद्या खंडीभर होशील काय? सेंद्रिय रसायनाने या प्रश्नाला मोठ्या कष्टाने ‘होय’ असे उत्तर दिले. काव्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या दोन उत्तरांचे मोल कोणी आणि कसे दिले, तेवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

वाढविणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. चार माणसांचा भात जिला उत्तम साधतो, त्या गृहिणीला हजार पानांच्या पंगतीचा भात सांगून पाहा. तांदूळ, पाणी आणि मीठ अडीचशे पटींनी घेतल्याने भागत नाही. खालचा भात करपतो आणि वरचा कच्चा राहतो. तेथे आचारीच लागतो. याचे कारण साध्या भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दहापट केली की त्याचे पृष्ठ शंभरपट होते, परंतु पोटात मावणारा माल हजारपट होतो. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठावाटे. म्हणजे प्रत्येक शेर मालाच्या वाट्याला निवण्यासाठी पूर्वीच्या एक दशांशच पृष्ठ येते. पुष्कळ रासायनिक क्रियांत उष्णता उत्पन्न होते. लहान चंबूतून ती निमूटपणे निघून जाते. मोठ्या पिंपात ती कोंडते, तापमान चढते, त्यामुळे क्रिया अधिक वेगाने होऊ लागते आणि तिने आणखी उष्णता निर्माण होते. याचा शेवट स्फोटातही होतो. म्हणून थंड पाण्याच्या नळ्या बसवाव्या लागतात, सतत ढवळावे लागते, माल थोडाथोडा सोडावा लागतो. प्रयोगशाळेत जी शंभरात एक भाग घाण नजरेस येत नाही, ती टनामागे दहा किलो होऊन समोर उभी राहते. सारांश, वाढविणे म्हणजे नुसता गुणाकार नव्हे. ते एक नवे शास्त्रच आहे.

नीळ हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर याने १८८० च्या सुमारास वनस्पतीवाचून नीळ तयार करून दाखविली. बी.ए.एस.एफ. या कंपनीने त्याचे हक्क घेतले. पण बाजारात ही नीळ आली ती १८९७ साली! मधली सतरा वर्षे कशात गेली? बायरच्या रीतीला टोल्यूइन लागे, आणि जगाला पुरेल इतकी नीळ करावयाची तर तेवढे टोल्यूइन मिळणेच शक्य नव्हते. तेव्हा कार्ल हॉयमान याने १८९० साली सुचविलेला दुसरा मार्ग धरला गेला. त्याचा कच्चा माल नॅप्थॅलीन, म्हणजे आपण कपड्यांत ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांचे द्रव्य. कोळशाच्या डांबरातून ते विपुल मिळे. मात्र त्याची पहिलीच पायरी फार मंद होती. एकदा तापमापक फुटून त्यातला पारा गंधकाम्लात सांडला आणि क्रिया एकदम वेगाने होऊ लागली, अशी हकीकत सांगतात. पारा येथे उत्प्रेरक ठरला. या साऱ्या खटाटोपात कंपनीचे सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च झाले. सतरा वर्षे फळाची वाट पाहत एवढा पैसा ओतणे कोणा एकट्या पंडिताच्या आवाक्यातले नव्हते. भांडवलाचे हे कर्तृत्व मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण हिशेब येथे पुरा होत नाही. जर्मनीतली नीळ स्वस्त झाली आणि हिंदुस्थानातल्या निळीचा भाव कोसळला. बिहारमधील चंपारण्यात ‘तीनकठिया’ नावाची सक्ती होती. बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत रयतेने मळेवाल्या गोऱ्या साहेबासाठी नीळ लावलीच पाहिजे. आता साहेबालाच नीळ नकोशी झाली, तर रयत सुटली असे आपणांस वाटेल. झाले उलटेच. या सक्तीतून मोकळे करण्याबद्दल साहेबांनी कोठे साऱ्यात वाढ केली, कोठे एकरकमी दंड घेतला. पहिलीला ‘शरहबेशी’ आणि दुसऱ्याला ‘तावान’ म्हणत. याच तक्रारी घेऊन लोक गांधीजींकडे गेले, आणि १९१७ साली चंपारण्याचा लढा झाला. ऱ्हाईन नदीच्या काठी पिंप मोठे झाले, त्याचा एक हप्ता गंडकच्या काठच्या शेतकऱ्याने भरला!

आता काव्याकडे वळू. कवीला एक कविता रचण्यास शेकडो वर्षांपूर्वी जो वेळ लागे, तोच आजही लागतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी आणि संगीत यांचा अभ्यास करून हाच पेच मांडला: यंत्रामुळे इतर धंद्यांत एका माणसाच्या हातून अधिकाधिक माल निघतो, परंतु चौघांनी वाजवावयाची संगीतरचना चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. कोणी म्हणेल, छापखान्याने कविता लाखांनी निघतातच की! निघतात, पण त्या प्रती होत. भात लाख माणसांना पुरविण्यासाठी तो तितका शिजवावा लागतो; कविता एकदाच शिजते आणि तेवढीच सर्वांना पुरते. एकाने घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. जी वस्तू वाटल्याने सरत नाही, तिचा भाव बाजाराने कसा ठरवावा?

म्हणून कवीला पोटासाठी दुसरे काही करावे लागते. टी. एस. एलियट १९१७ पासून काही वर्षे लंडनच्या लॉइड्स बँकेत काम करीत होता. वॉलेस स्टीव्हन्स हा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा उपाध्यक्ष होता. आपल्याकडे नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, लहान वयात गिरणीत राबले, पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. त्यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले. भांडवलाने कवीला पगार दिला तो हिशेबाचा, विम्याचा, गिरणीतल्या हातांचा. कवितेचा पगार असा नव्हताच.

मग ज्याला भाव नाही ते निरुपयोगी म्हणावे काय? याचे उत्तर एका रसायनज्ञाच्याच चरित्रात आहे. इटलीतल्या तुरीन शहरी १९१९ साली प्रीमो लेव्ही जन्मला. तो ज्यू होता. १९४१ साली रसायनशास्त्राची पदवी त्याने उत्तम रीतीने मिळविली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला ऑशविट्झच्या छळछावणीत पाठविण्यात आले. तेथील मोनोविट्झ या भागात आय. जी. फार्बेन ही कंपनी ‘बूना’ नावाच्या कृत्रिम रबराचा प्रचंड कारखाना उभारीत होती. निळीची ती बी.ए.एस.एफ. १९२५ साली याच कंपनीत विलीन झाली होती. कैद्यांच्या मजुरीबद्दल कंपनी नाझींच्या एस.एस. दलाला दररोज पैसे मोजी: बिनकसबी माणसाचे ३ मार्क, कसबी माणसाचे ४. माणसाच्या हाती यातला पैसाही पडत नसे. हजारो माणसे तेथे मेली, आणि रबर तर त्या कारखान्यातून कधी निघालेच नाही. तेथे वाढविण्याचे शास्त्र होते, पैसा होता. माणूस मात्र कच्च्या मालाच्या यादीत गेला होता. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात १९४८ साली या कंपनीचे १३ अधिकारी दोषी ठरले.

या जागी एके दिवशी लेव्ही एका तरुण फ्रेंच कैद्याबरोबर सूपाचे भांडे आणावयास निघाला. वाटेत त्या मित्राला इटालियन शिकवावे म्हणून तो दान्तेच्या महाकाव्यातला युलिसिसचा प्रसंग आठवून आठवून सांगू लागला. मधल्या काही ओळी स्मरेनात. त्या ओळी जोडता आल्या तर आजचे सूपही देऊन टाकीन, असे त्या भुकेल्या माणसाला वाटले. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. जेथे दर दिवसाला ३ मार्क एवढीच माणसाची किंमत होती, तेथे सहाशे वर्षांपूर्वीच्या काही ओळींची किंमत एका दिवसाच्या अन्नाएवढी भरली! तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, पण अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून तरले, असा त्या कथेचा अर्थ आपल्याकडे पुष्कळांनी लावला आहे. कवितेला गोदाम लागत नाही. म्हणून ती जप्तही करता येत नाही.

आणि तरी लेव्हीने रसायनाचा द्वेष केला नाही, हे आम्हांला विशेष वाटते. सुटून घरी आल्यावर १९४८ साली तो तुरीनजवळच्या एका रंगरोगणाच्या कारखान्यात गेला, तांब्याच्या तारांवर चढवावयाची रोगणे करू लागला, आणि जवळजवळ तीस वर्षे तेथेच राहून त्याचा व्यवस्थापकही झाला. एकेका मूलद्रव्याच्या नावाची २१ प्रकरणे असलेले त्याचे पुस्तक १९७५ साली निघाले, आणि १९८४ साली कवितासंग्रह. पिंप आणि पद्य एकाच माणसाच्या घरात सुखाने नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

आपल्या राज्यातही रंगांचे, औषधांचे, खतांचे कारखाने आहेत. ते वाढावेत, त्यांच्या मालावाचून आपले एक दिवस चालणार नाही. परंतु प्रत्येक वाढीचे आकडे आपल्यापुढे येतील तेव्हा एक प्रश्न नागरिकांनी विचारीत जावा: यातला हप्ता कोण भरीत आहे? हा प्रश्न ताळेबंदात आपोआप उमटत नाही. तो विचारण्याची सवय लागते ती जे मोजता येत नाही त्याच्या सहवासाने. यासाठी कवींना केवळ पुरस्कार देऊन भागणार नाही. घरोघरी मुलांना चार कविता मुखोद्गत असाव्यात, एवढे मात्र कोणत्याही भांडवलाशिवाय आपण आजच करू शकतो.