ओळख नसलेल्या घरचा मंगल परिणय आणि आहेर

मंगल परिणयाची पत्रिका येते ती पुष्कळदा वधू-वरांना आपण ओळखतो म्हणून नव्हे, तर त्यांच्या मामांसोबत आपण जयंती उत्सव समितीत असतो म्हणून. मग निघायच्या तासभर आधी प्रश्न पडतो, द्यायचे काय? वाटेतल्या दुकानातून बुद्धमूर्ती किंवा बाबासाहेबांची फ्रेम उचलली जाते. भावना चांगलीच, पण तशा आठ-दहा फ्रेम त्या घरात आलेल्याच असतात. दोन खोल्यांच्या घरात त्या शेवटी पलंगाखाली जातात.

वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो, हॉलचे आणि जेवणाचे पैसे अनेक घरांनी बचत गटातून किंवा व्याजाने उचललेले असतात. अशा घराला पाकीट हाच खरा कामाचा आहेर. रक्कम आपल्याला परवडेल ती. शंभराचे एकशे एक करणारा तो शुभाचा रुपया मात्र 22 प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी कशासाठी चिकटवावा, हे आम्हाला अजून कळलेले नाही. माईकवरून नाव आणि रक्कम पुकारायला लावणे तर नकोच. पन्नास रुपये आणलेली मजूर बाई तेव्हा मागच्या मागे सरकते. शिवाय वहीत लिहिलेला मोठा आहेर त्या घराला पुढे फेडावा लागतो. जेमतेम ओळखीच्या माणसांवर हे ओझे कशाला?

सोबत पुस्तक द्यायचे असेल तर बाबासाहेबांच्या 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा मराठी अनुवाद बघा. पातळ आहे, खिशाला झेपतो. पहिल्या पानावर दोघांचीही नावे लिहा, एकट्या नवऱ्या मुलाचे नको. नावे पत्रिकेवर असतात, म्हणून पत्रिका बरोबर घ्या.