पापणी लवते तिथे कात्री

‘शोले’त ठाकूरचे हात तुटताना तुम्ही पाहिलेत का? बहुतेक जण छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. मग ते दृश्य पुन्हा लावून बघा. खांबांना बांधलेला ठाकूर, समोर दोन्ही हातांत तलवारी उगारलेला गब्बर. तलवारी खाली येतात आणि तेवढ्यात आपण भूतकाळातून वर्तमानात येऊन पोचतो. ठाकूर उभा आहे, वाऱ्यानं अंगावरची शाल घसरते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. हात तुटल्याचं चित्र पडद्यावर नाहीच. ते आपण आपल्या मनात घडवलं आणि पन्नास वर्षं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत आलो.

ही किमया एका मराठी माणसाच्या टेबलावर घडली. संकलक माधव शिंदे, श्रेयनामावलीतले एम. एस. शिंदे. आणि ठाकूर झालेला संजीव कुमार अस्सल सुरती. हरिहर जेठालाल जरीवाला, जन्म 9 जुलै 1938, सुरत, घरचा धंदा जरीचा. इथे पाल भागात त्याच्या नावाचं मोठं सभागृह आहे. 15 ऑगस्ट 1975ला ‘शोले’ लागला. त्याच वर्षी संजीव कुमारचेच ‘आँधी’ आणि ‘मौसम’ आले. या दोन्ही सिनेमांचं संकलन वामन भोसल्यांचं. गोव्यात जन्मलेल्या भोसल्यांना पुढे ‘इनकार’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे एकाच वर्षी एका सुरती माणसाचा चेहरा दोन मराठी संकलकांच्या हाताखालून गेला. मी याच शहरात एडिटिंग करून पोट भरते, त्यामुळे ही गोष्ट कळली त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

‘शोले’साठी चित्रित झालेली फिल्म सुमारे 3 लाख फूट भरली. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात आणि पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम सरकतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट. या हिशेबानं 3 लाख फूट फिल्म पंचावन्न तासांहून जास्त चालते. न झोपता बघत बसलं तरी दोन दिवस उलटून जातात. शिंद्यांनी त्यातून सुमारे 20 हजार फुटांचा सिनेमा काढला आणि सेन्सॉरनंतर तो 18 हजारांवर आला. चित्रित झालेल्या पंधरा फुटांतला जेमतेम एक फूट आपल्यापर्यंत पोचला! ‘शोले’ला त्या वेळी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनाचा होता. मला त्यात फार मोठा न्याय दिसतो.

त्या काळी कापणं म्हणजे खरोखरच कापणं होतं. निगेटिव्ह लॅबमध्ये सांभाळून ठेवायची आणि तिच्यावरून काढलेल्या प्रिंटवर काम करायचं. चित्राची फिल्म वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्ही जुळवायला क्लॅपचा आधार: पाटी मिटते ती फ्रेम आणि ‘टक्’ वाजतं ती जागा एकासमोर एक आणायची. मग मूव्हिओला या यंत्राच्या छोट्या काचेत बघत मेणाच्या पेन्सिलीनं फिल्मवर खूण करायची, स्प्लायसरवर काप घ्यायचा आणि टेप लावून पुढचा तुकडा जोडायचा. उरलेले तुकडे फेकायचे नाहीत. कापडी अस्तराच्या डब्यावर आकड्यांना टांगून ठेवायचे, कारण दुपारी नको वाटलेल्या आठ फ्रेम रात्री हव्या होतात. मग सहायक त्या टांगलेल्या पट्ट्यांच्या जंगलात शिरून अर्ध्या फुटाचा तुकडा शोधून आणत असे. आता आम्ही एक कळ दाबून पूर्ववत करतो. पण ‘कुठे कापू?’ हा प्रश्न शिंद्यांच्या टेबलावर होता तसाच आमच्या टाइमलाइनवर आहे.

खरं नवल याच्या पुढचं आहे. काप आपल्याला खुपत का नाही? प्रत्यक्ष जगात असं कधीच होत नाही की समोरचा माणूस एका क्षणात दहा फूट जवळ आला किंवा खोलीचा घाट झाला. पडद्यावर मात्र हे शेकडो वेळा होतं आणि आपण शेंगदाणे खात निवांत बघत असतो.

उत्तराचा एक धागा आपल्या डोळ्यांत आहे. नजर सरळ वाहत जात नाही. ती सेकंदाला साधारण तीन उड्या मारते आणि उडी चालू असताना दिसणारं धुरकट चित्र मेंदू आपल्यापर्यंत येऊच देत नाही. त्यात पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते आणि दर खेपेला क्षणभर अंधार होतो. तीन तासांच्या सिनेमात अशी दहाएक मिनिटं आपण मिटल्या डोळ्यांनी काढतो आणि तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. तुकड्यांतून सलग जग विणायचं काम मेंदू जन्मापासून करत आला आहे. सिनेमानं फक्त त्या कामावर विश्वास टाकला.

हे नेमकं हेरलं वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकानं. 1974चा ‘द कॉन्व्हर्सेशन’ कापत असताना त्याच्या लक्षात आलं की जिथे शॉट सोडावासा वाटतो, त्याच्या आगेमागेच नायक जीन हॅकमनची पापणी लवते. मर्चनं त्यातून विचार मांडला की डोळ्याला ओल हवी म्हणूनच आपण पापणी मिटतो असं नाही. एक विचार पुरा झाला की मिटतो. पापणी म्हणजे मनातलं पूर्णविरामाचं चिन्ह. चांगला नट पात्राचे विचार खरोखर करत असतो, म्हणून त्याची पापणी योग्य जागी लवते आणि संकलकाला तिथे जागा मिळते. जपानमध्ये तामामी नाकानो आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला तेव्हा तर मी खुर्चीतून उठले. त्यांनी लोकांना ‘मिस्टर बीन’चे तुकडे दाखवले आणि पापण्या मोजल्या. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं ठरावीक जागी, एखादी कृती संपली की, जवळजवळ एकाच वेळी पापण्या मिटत होती. नुसती निसर्गदृश्यं दाखवली तेव्हा हा मेळ दिसला नाही. गोष्ट असेल तरच अंधाऱ्या थिएटरातले अनोळखी डोळे एका तालात मिटतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की संकलकाचं शिक्षण स्क्रीनपुढे निम्मंच होतं. उरलेलं माणसं बघताना होतं. लग्नसराईत माझ्याकडे मेमरी कार्डांचा ढीग असतो. त्याच्या आधी रिंग रोडच्या व्यापाऱ्यांचे साड्यांचे व्हिडिओ, अधूनमधून उधना-लिंबायतकडच्या खानदेशी पोरांची अहिराणी गाणी. सकाळी आधी बॅकअप, मग आवाज जुळवणं, मग निवड. एक्स्पोर्ट लागला की मशीन अडकतं आणि मी मोकळी होते. अशा वेळी मी महिधरपुऱ्याच्या हिरे बाजारात जाऊन उभी राहते.

तिथे दलाल रस्त्यावरच उभे असतात. कागदाची घडी उघडायची, चिमट्यानं हिरा उचलायचा, भिंग डोळ्याशी न्यायचं. भिंगातून बघणाऱ्याच्या दुसऱ्या, उघड्या डोळ्याकडे मी बघते. तो मिटतच नाही. हिरा फिरतो, उजेडाकडे वळतो, डोळा तसाच. मग एकदम पापणी लवते आणि त्यानंतर भिंग खाली येतं, ओठ हलतात, भाव सांगितला जातो. निर्णय आधी पापणीत दिसतो, तोंडात मागून येतो. हे बघून आल्यावर त्याच संध्याकाळी कन्यादानाच्या शॉटमध्ये वधूच्या वडिलांचा चेहरा मी बारा फ्रेम जास्त ठेवला. त्यांची मान खाली गेली होती तिथे आधी कापलं होतं. पण पापणी त्यानंतर लवत होती. त्या अर्ध्या सेकंदात त्यांनी मुलीला मनानं सोडलं होतं.

कामात बुडालेल्या संकलकांना भलतेसलते नाद असतात ते यामुळेच, असं मला वाटतं. मर्च उभं राहून काम करतो, मधमाश्या पाळतो, ग्रहांच्या कक्षांमधल्या अंतरांचं गणित सोडवत बसतो. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’चं संकलन करणाऱ्या हृषीकेश मुखर्जींचं घर कुत्र्यांनी भरलेलं असे, आणि सिनेमात येण्याआधी ते गणित आणि विज्ञान शिकवत. माश्यांचं पोळं असो की वर्गातली मुलं, धीरानं बघत राहिल्याशिवाय त्यांचा स्वभाव कळत नाही. तोच धीर टेबलावर कामी येतो.

आता पुन्हा संजीव कुमारच्या चेहऱ्याकडे. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोवनं मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार शॉट घेतला आणि त्याला कधी सुपाचा वाडगा, कधी शवपेटी, कधी एक स्त्री जोडली. बघणाऱ्यांना तोच चेहरा भुकेला, दुःखी, आसक्त वाटला, असं सांगतात. दोन शॉट शेजारी आले की तिसरा अर्थ जन्मतो. पण ‘शोले’तला ठाकूर बघताना मला या प्रयोगाच्या पुढची पायरी दिसते. संजीव कुमारचा चेहरा कोरा नाही; तो भरलेला आहे आणि झाकलेला आहे. घरच्यांच्या प्रेतांपुढे उभा राहिलेला ठाकूर काही बोलत नाही. अशा नटाचा शॉट किती वेळ ठेवायचा? लवकर कापला तर दुःख पोचत नाही, उशिरा कापला तर ते दाखवल्यासारखं होतं. शिंद्यांनी ती मधली जागा बिनचूक पकडली, कुठल्याही संगणकाच्या मदतीविना, नुसत्या नजरेनं आणि मेणाच्या पेन्सिलीनं.

ही नजर फक्त आमच्या धंद्याची मालमत्ता नाही. पुढच्या खेपेला आजीला मोबाइलवर टिपत असाल, तर तिचं बोलणं संपल्यावर लगेच बटण दाबू नका. हात स्थिर ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, तिची पापणी लवू द्या. वाक्य तोंडानं संपतं, पण माणूस त्यानंतर संपवतो. माझ्याकडे येणाऱ्या चित्रीकरणात सगळ्यांत जास्त हळहळ मला त्या न टिपलेल्या दोन सेकंदांची वाटते, कारण जे टिपलंच नाही ते जगातला कुठलाही संकलक परत आणू शकत नाही.