पद आले, अधिकार कधी येणार?

लखनौच्या ‘आयआयएम’मध्ये शेती-व्यवसायाप्रमाणेच शाश्वत व्यवस्थापनाचाही दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अशा अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची उद्योगांना गरज भासू लागली आहे, ही स्वागतार्ह बाब. मात्र कंपनीत गेल्यावर त्यांनी केवळ अहवाल लिहायचे की निर्णयांतही सहभागी व्हायचे, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

या गरजेमागे मुख्यतः ‘सेबी’चा नियम आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा शाश्वतता अहवाल बंधनकारक झाला. वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांचा तपशील त्यात द्यावा लागतो. आकडे गोळा करणारी माणसे त्यामुळे आवश्यक झाली आणि त्यांच्या शिरोभागी शाश्वतता अधिकारी आला. अमेरिकेत ‘ड्युपाँ’ने २००४ मध्ये लिंडा फिशर यांना असे पद दिले, तेव्हा ते अपूर्वाईचे होते, आता ते रुळले आहे.

कायद्याने मात्र या पदाची दखल घेतलेली नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २०३ मधील प्रमुख व्यवस्थापकीय पदांत कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी आहेत, शाश्वतता अधिकारी नाही. गंमत अशी, की याच कायद्याचे कलम १६६ संचालकांवर पर्यावरण रक्षणाचेही कर्तव्य टाकते. कर्तव्य आहे, ते पार पाडणाऱ्याला हक्काची खुर्ची नाही.

याचा अर्थ उत्तर प्रदेशातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या उदाहरणाने कळेल. गाळपक्षमता वाढवायची की सांडपाण्याच्या पुनर्वापरावर खर्च करायचा, हे भांडवली अंदाजपत्रकात ठरते. तिथे वित्त अधिकारी असतो. शाश्वतता अधिकाऱ्याकडे कागद पोहोचतो तो निर्णय झाल्यावर, अहवालात मांडण्यासाठी. भूजल खालावले, ऊस घटला, तर तो तोटा कारखान्याचाच. पण तो पुढच्या तिमाहीत दिसत नाही.

मग हे पदही सक्तीचे करावे काय? सामाजिक दायित्वाचा अनुभव सावध करणारा आहे. कलम १३५ ने पात्र कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चाचे बंधन घातले. शाळा, दवाखान्यांना पैसा मिळाला. पण मूळ व्यवसाय कसा चालतो, याला त्या तरतुदीने हात लावला नाही. सक्तीच्या पदाचीही अशीच गत होऊन एक नामफलक तेवढा वाढेल.

त्यापेक्षा ‘सेबी’ने अधिकारांचीच माहिती मागावी. जबाबदार संचालक कोण, संचालक मंडळाची समिती आहे का, हे ‘बीआरएसआर’मध्ये आजही विचारले जाते. त्यात तीन प्रश्नांची भर घालावी : मोठ्या भांडवली प्रस्तावांवर शाश्वतता अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय घेतला जातो का? तो डावलल्यास कारण नोंदवले जाते का? वरिष्ठांच्या मानधनाचा काही भाग पाणी व उत्सर्जनाच्या उद्दिष्टांशी जोडलेला आहे का?

या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर देण्याची मुभा असावी. परंतु ते उत्तर भागधारकांसमोर छापील स्वरूपात यावे. दिशाभूल करणाऱ्या ‘हरित’ दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली. ती जाहिरातींतील दाव्यांना लागू आहेत. अधिकार नसलेले पद मिरवणे हाही एक दावाच आहे. त्याचीही शहानिशा व्हायला हवी.