ओळख हेच भांडवल

"तुमच्या हाताला काय चव आहे हो! विकायला का नाही काढत?" हळदीकुंकवाला किंवा डोहाळजेवणाला असं कुणी ना कुणी तुम्हांला म्हटलंच असेल. आपण हसून सोडून देतो. मनात येतं, भांडवल कुठून आणायचं? पण मैत्रिणींनो, पैशाइतकंच मोलाचं एक भांडवल तुमच्याजवळ आधीपासून आहे. ते म्हणजे माणसांची ओळख.

लिज्जत पापडाचंच बघा ना. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. हाती उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी झाली अवघी चार पाकिटं, आणि ती गेली ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे. शेजारणी शेजारणींना घेऊन येत गेल्या आणि आज ४० हजारांहून अधिक भगिनी त्या संस्थेत आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका वाण्याकडून उधारीवर माल आणत आणि व्याजातच बुडून जात. तारण ठेवायला काही नाही, मग बँक कशी उभी करणार? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केलं. बायकांचे गट झाले, एकमेकींसाठी त्या जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. सोनं नव्हतं, शेजारणीचा शब्द होता.

पण ओळखीला दुसरी बाजूही आहे बरं का! ती मी स्वतः अनुभवली. एका दिवाळीत शाळेतल्या सहकारी बाईंच्या आग्रहावरून मी आठ किलो चकल्या करून दिल्या. मापं तोंडी, हिशेबही तोंडी. तिघींचे पैसे राहिले. "अहो, देतेच हं!" म्हणायच्या, आणि मला मेलीला मागायची भीड! वाण्याचं बिल शेवटी यांच्या पगारातून गेलं. हे काही बोलले नाहीत, पण मला मान वर करवेना. पैसे गेलेच, शिवाय त्या तिघींशी पूर्वीसारखं बोलणंही राहिलं नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अगं, आधी वही घाल. ओळख गिऱ्हाईक आणून देईल, हिशेब नाही ठेवणार." मी वही घातली आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊ लागले. कुणालाही राग आला नाही! वीस किलोंची मागणी आली तेव्हा शेव काकूंवर सोपवली. पुढे त्यांच्याकडची गिऱ्हाइकं त्यांनी चकल्यांसाठी माझ्याकडे पाठवली.

तेव्हा काम सुरू करणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा :

आधी दहा ओळखीच्या घरी नमुना द्या, आणि "छान" एवढ्यावर समाधान मानू नका. मीठ कमी होतं का, चकली मऊ पडली का, हे विचारा.

भाव सर्वांना एकच. नणंदेला स्वस्त आणि शेजारणीला महाग दिलंत, की बोभाटा झालाच.

कबूल केलेला दिवस चुकवू नका. अडचण आली तर आदल्या दिवशीच कळवा.

वाण्याची, गिरणीवाल्याची उधारी वेळेवर फेडा. ऐन दिवाळीत गर्दीतही तेच तुमचं दळण आधी घेतील.

जे आपल्याला जमत नाही, त्यासाठी दुसरीचं नाव मोकळ्या मनानं सुचवा. ती तुमची स्पर्धक नव्हे.

आज फोनवर एका निरोपात शंभर घरांना कळवता येतं, ही सोय मोठीच. पण निरोप वाचून माल मागवला जातो तो एकदाच. दुसऱ्यांदा मागवला जातो तो तुमच्या शब्दावर. तो शब्द जपा, आणि वही विसरू नका!