‘मानले जातील’ : एस्. टी. महामंडळाच्या व्यक्तित्वाविषयी

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस्. टी.ची पहिली बस धावली, तेव्हा तो शासनाचाच उपक्रम होता. पुढे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाने महामंडळ हे अखंड परंपरा व सामाईक मुद्रा असलेली, दावा लावू शकणारी आणि जिच्यावर दावा लावता येईल अशी स्वतंत्र संस्था ठरते. गाडी तीच राहिली, धनी बदलला.

या धन्याचे उत्पन्न राज्याचे मानावयाचे काय? संविधानाच्या २८९व्या अनुच्छेदाने राज्याचे उत्पन्न केंद्राच्या करातून मुक्त आहे. आंध्र प्रदेशच्या परिवहन महामंडळाने हीच सूट मागितली. नफ्याची उरलेली शिल्लक रस्तेविकासासाठी अखेर राज्याकडेच जाते, हा त्याचा आधार. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती नाकारली. व्यक्तित्व निराळे, म्हणून उत्पन्नही निराळे.

काही सुटी मात्र मिळतात, पण सशर्त. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १४६व्या कलमाखाली राज्य परिवहन उपक्रमाच्या वाहनांना शासन सक्तीच्या विम्यातून वगळू शकते. त्यासाठी नुकसानभरपाईचा स्वतंत्र निधी राखावा लागतो. सूट विम्यापासून आहे, भरपाईपासून नव्हे. अपघातात दगावलेल्याच्या वारसांस हा भेद केवळ शाब्दिक वाटणार नाही.

भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक आहे ते कलम ४३. महामंडळाचे अधिकारी व कर्मचारी अधिनियमानुसार काम करीत असता भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक ‘मानले जातील’, असे ते म्हणते. (संहितेची जागा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.) ‘आहेत’ असे ते म्हणत नाही. जे वस्तुतः नाही ते एका प्रयोजनापुरते आहे असे धरणे, हेच या क्रियारूपाचे कार्य होय. म्हणून वाहकास कर्तव्य बजावताना मारहाण करणारा लोकसेवकावरील हल्ल्याबद्दल दंडास पात्र होतो. परंतु वेतनाच्या प्रश्नात तोच वाहक शासकीय कर्मचारी ठरत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात शासनात विलीनीकरणाची मागणी झाली. माझ्या मते ती ‘मानले जातील’च्या जागी ‘आहेत’ यावे अशीच मागणी होती.

दायित्वांतही हीच ओढाताण दिसते. कलम २२ व्यापारी तत्त्वांवर कारभार करावयास सांगते, तर कलम ३४ शासनाला निदेश देण्याचा अधिकार देते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. उरलेले निम्मे महामंडळाचे शासनाकडील येणे होते, आणि त्याची मागणी रीतसर करावी लागते.