बारामती
महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण, जुनी बाजारपेठ व कविवर्य मोरोपंतांची कर्मभूमी. हे पुण्याच्या आग्नेयीस सु. १०० किमी. वर कऱ्हा नदीकाठी वसले आहे. पेशवाईत येथील जोशी-नाईक हे सावकार घराणे प्रबळ होते. घराण्यातील आबाजी नाईकांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिली होती. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९–९४) तरुणपणी बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले व पुराणिक म्हणून अखेरपर्यंत येथेच राहिले. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ व शंभराहून अधिक रामायणे ही त्यांची प्रमुख रचना होय. उपजीविकेची निश्चिती लाभल्यानेच एवढे विपुल लेखन शक्य झाले. येथील सावकारी धनाचे हे सर्वांत टिकाऊ फळ म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत पोहोचले. त्यामुळे उसाची लागवड वाढून येथील गुळाची बाजारपेठ भरभराटीस आली. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा, सिद्धेश्वर व काशीविश्वेश्वर ही मंदिरे प्रेक्षणीय आहेत. मोरोपंतांच्या काव्याच्या अभ्यासकांना कवी व आश्रयदाता यांचा निकट संबंध येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.